भिंतीकडची तीन फुलं

हे सांगायचं मी वीस वर्षं टाळलं. आधी आई अंथरुणावर होती, म्हणून नको. मग माझी रिटायरमेंट, मुलीचं लग्न, मग बायकोचं आजारपण. दर वेळी वाटे, घरात एवढं चाललंय, त्यात हे कशाला. आता घरात काहीच चालत नाही. मी आहे आणि माझी थोरली बहीण आहे. मी शहात्तर वर्षांचा, ती अठ्ठ्याहत्तरची. मयूर विहारमधल्या सोसायटीत तळमजल्यावर आमचा फ्लॅट, मागे दहा पावलं लांब नि सहा पावलं रुंद बाग, आणि बागेच्या टोकाला विटांची भिंत. त्या भिंतीबद्दल मी ताईला एक खोटं सांगितलं. त्याच्या आधी एक खोटं हातानं केलं. दोन्ही इथे लिहून ठेवतो.

ताईचं लग्न दोन वर्षांत मोडलं होतं. ती सांगलीला आई-वडिलांकडे परत आली होती आणि मुलींना शिवण शिकवायची. माझ्या बायकोच्या बाळंतपणासाठी ती तीन महिन्यांकरता दिल्लीला आली. मी एका मंत्रालयात नोकरीला, बायको शाळेत शिकवणारी. तीन महिने संपले तेव्हा बाळाला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून ताई राहिली. मुलगी शाळेत जायला लागली तोवर वडील गेले आणि आई आमच्याकडे आली. पुढे आईला अर्धांगवायूचा झटका आला. "राहशील का?" असं ताईला कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही. परतीचं तिकीट काढायचं राहून गेलं, एवढंच.

ती काच लावून बंद केलेल्या बाल्कनीत झोपायची. बाल्कनी आणि हॉल यांच्यामध्ये एक पडदा होता. हे घडलं तोवर चोवीस वर्षं त्या घरात तिला स्वतःचं असं दार नव्हतं.

बाग मात्र तिची होती. आमच्याकडची माती म्हणजे यमुनेची रेताड माती, पाणी घातलं की खाली निघून जातं. ताईनं त्यात शेणखत मिसळून मिसळून ती काळी केली. गुलाब, मोगरा सगळं करून पाहिलं आणि शेवटी ती झिनियावर स्थिरावली. झिनियाला वास नाही, नाजूकपणा नाही. दिल्लीच्या उन्हात इतर झाडं माना टाकतात तेव्हा हे ताठ उभं असतं. लाल, नारिंगी, राणी रंगाची, पांढरी. जूनच्या शेवटी बी टाकायचं, रोप वीतभर झालं की मधला शेंडा खुडायचा. मुलगी लहान असताना ते बघून रडली होती. "आत्या, तू त्याचं डोकं का तोडलंस?" ताई म्हणाली, "एक डोकं तोडलं की चार येतात गं. माणसाचं तसं असतं तर मला चार हात आले असते."

फुलं झाडावर ठेवायची नाहीत, कापायची, हा तिचा नियम होता. कापत राहिलं तरच झाड फुलत राहतं. पण कापायचं कधी, यात सगळी मेख होती. कळी उमलली, रंग भरला, तरी फूल तयार असेलच असं नाही. फुलाच्या खाली वीतभर अंतरावर देठ धरायचा आणि हलकेच हलवायचा. वरची मान डुलली तर फूल कच्चं. ते कापलं तर दुसऱ्या दिवशी पाण्यात उभं राहूनही खाली बघायला लागतं, आणि मग काही केल्या सावरत नाही. देठ छडीसारखा ताठ हलला तर फूल पिकलं. ते आठ-दहा दिवस टिकतं. ताईनं मला हे पन्नास वेळा दाखवलं असेल. रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन मी बागेत उभा राहायचो आणि ती एकेक देठ हलवत मला सांगायची, "ही बघ. ही नको. ही चालेल." मला सगळं येत होतं. हे मुद्दाम लिहितोय.

वीस वर्षांपूर्वी सोसायटीच्या पाच दिवसांच्या गणपतीला ताईनं दोन बादल्या भरून झिनिया दिली. वास नसलेलं फूल देवाला वाहत नाहीत असं आमच्या मराठी मंडळींतल्या काही बायकांचं म्हणणं, त्यामुळे ती मूर्तीवर न चढता दोन्ही बाजूंना पितळी घड्यांत बसली. विसर्जनाच्या दिवशी हार, दूर्वा, सगळं काळवंडलं होतं. झिनिया पहिल्या दिवशीसारखीच उभी होती.

वरच्या मजल्यावरच्या शेजारणीबरोबर तिची मावसबहीण आरतीला आली होती. पन्नाशीची पंजाबी बाई, केस बारीक कापलेले, पायात बूट. नोएडाच्या पलीकडे यमुनेच्या काठी तिची थोडी शेती होती आणि ती हॉटेलांना फुलं पुरवायची. आरती संपल्यावर तिनं प्रसाद घ्यायच्या आधी घड्यातला एक देठ उचलून पाहिला.

"ये किसने काटे हैं?"

सगळ्यांनी ताईकडे बघितलं. ताई घाबरली. म्हणाली, "मैंने. कुछ गलत हुआ क्या?"

"गलत? मेरी लड़कियाँ तीन साल से काट रही हैं, दूसरे दिन गर्दन लटक जाती है. आप मेरे यहाँ आ जाओ, दीदी."

आम्हाला वाटलं, बोलण्याच्या ओघात बोलली. पण दोन दिवसांनी ती परत आली आणि आमच्या हॉलमध्ये बसून तिनं नीट सांगितलं. शेतावर एक खोली आहे. वेगळं दार, वेगळा ओटा, नळ. ताईनं तिथे राहायचं, वाफे बघायचे आणि मुलींना कापायला शिकवायचं. फक्त एक अट. येत्या रविवारी पंचवीस देठ पाठवायचे. ती ते आपल्या शेडमध्ये साध्या पाण्यात ठेवणार. "पाँच दिन खड़े रहे, तो दिवाली से पहले कमरा आपका."

ताईनं माझ्याकडे बघितलं. ती अठ्ठावन्न वर्षांची होती आणि परवानगी मागणाऱ्या पोरीसारखी बघत होती.

मी म्हणालो, "मला काय विचारतेस? जा की. तुझी मर्जी."

हे मी चांगलं मोठ्यानं, पाहुणीसमोर म्हणालो. पाहुणी म्हणाली, "भाईसाहब, आप जैसे भाई कम होते हैं." मी हसलो सुद्धा.

ती गेल्यावर बायको स्वयंपाकघरात मला म्हणाली, "अहो, ताई गेल्या तर आईंचं कसं व्हायचं? मी सातला घराबाहेर पडते."

"बघू. बाई ठेवू."

"आई बाईला हात लावू देतील? मागच्या वेळी पाण्याचा तांब्या फेकून मारला होता त्यांनी."

"बघू म्हणालो ना."

"बघू नका. ताईंशी बोला. वर्षभर थांबा म्हणा, नाहीतर आपण दोघं मिळून काही तरी ठरवू. पण बोला." बायको सरळ होती. तिचा यात काही दोष नाही, हेही लिहून ठेवतो. ती तीन वर्षांपूर्वी गेली, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मला बोलता आलं असतं. "ताई, जाऊ नकोस, आम्हाला जमणार नाही," एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर मला तिच्याकडे मागावं लागलं असतं, आणि चोवीस वर्षं मी काही मागितलंच नव्हतं. मला सगळं मिळत गेलं होतं. शिवाय मागितलं असतं तर ती थांबली असती, आणि मग ती माझ्यासाठी थांबली हे रोज जेवताना समोर दिसलं असतं. ते मला नको होतं.

त्या आठवड्यात ताई वेगळीच होती. आईचं अंग पुसताना गुणगुणायची. बुधवारच्या बाजारातून तिनं एक पितळी कुलूप आणलं, मुठीत मावेल एवढं. जेवणाच्या टेबलावर ते दोनदा लावून, दोनदा उघडून दाखवलं.

मुलगी तेव्हा एम.ए. करत होती. ती म्हणाली, "आत्या, यार, खोली तर मिळू दे आधी!"

"खोली मिळेल तेव्हा मिळेल. कुलूप हातात असलेलं बरं."

शनिवारी आईला ताप भरला. रविवारी सकाळी तिला दोनदा उलटी झाली. ताईनं स्वतः फुलं कापून स्वतः शेतावर जायचं असं ठरलं होतं. ती दोन्ही हात ओले, पदर खोचलेला, अशी मागच्या दारात आली आणि कात्री माझ्या हातात दिली.

"तूच जा. मला आईला सोडून निघता येत नाही. पंचवीस काप. देठ लांब ठेव, खालची पानं काढ. आणि हलवून बघ हं. मान डुलली तर सोडून दे, भरपूर आहेत."

"माहीत आहे गं."

"माहीत आहे तुला. तरी सांगते."

दव वाळलं होतं, ऊन अजून चढलं नव्हतं. वाफे फुलांनी भरलेले. मी पुढच्या रांगेत पहिला देठ धरून हलवला. ताठ. कापला. दुसरा ताठ, कापला. तिसरा कापला. तोवर माझ्या मनात काही नव्हतं असं मी शपथेवर सांगू शकतो.

मग आतून आईची हाक आली. तिला शब्द फुटत नसत, एक लांब आवाज निघायचा. त्यामागून ताईचा आवाज आला, "आले, आले, आई, इथेच आहे मी." मग बादलीचा आवाज. मग पुन्हा आईचा. मी कात्री धरून उभा राहिलो आणि मला दिसलं की दिवाळीनंतर या हाकेला "आले" कोण म्हणणार. मीच. ऑफिसातून येऊन मी, सकाळी उठून मी. आईचे कपडे मी. रविवारी हा चहाचा कप घेऊन बागेत उभं राहणंही गेलं.

चौथा देठ हलवला. मान डुलली. मी तो कापला.

पाचवा ताठ होता, तो सोडला. सहावा डुलला, कापला. मी चुकून कच्ची फुलं कापली नाहीत. मी एकेक देठ हलवून, नीट निवडून बावीस कच्ची फुलं कापली. रंग बघून कुणाला काही कळलं नसतं, कच्चं फूल उलट जरा जास्तच टवटवीत दिसतं. जुन्या साडीच्या पट्टीनं जुडी बांधताना मी ती तीन ताठ फुलं बाहेरच्या बाजूला, समोर घेतली, म्हणजे ताईनं हात लावलाच तर त्यांना लागावा.

तिनं दारातूनच बघितलं. "सुरेख दिसतायत. हलवून घेतलीस ना?"

"हो."

"चलो, मग नीघ. ऑटोवाल्याला सांग, खड्ड्यांतून सावकाश."

ऑटोत दोन गुडघ्यांमध्ये बादली धरून मी तासभर गेलो. प्रत्येक खड्ड्यात बावीस फुलं माना हलवत होती. त्या बाईनं मला लस्सी दिली, खोली दाखवली. चुना नुकताच दिलेला होता, दाराला आतून कडी आणि बाहेरून कोयंडा. मी म्हणालो, "बहुत अच्छा है."

मंगळवारी संध्याकाळी फोन वाजला. ताईनं उचलला. मी सोफ्यावर पेपर उघडून बसलो होतो.

"हाँ जी, नमस्ते... जी... सब के?" मग बराच वेळ ती ऐकत राहिली. "नहीं, पानी तो साधा ही था... नहीं जी, भाई ने काटे, पर उसको आता है, मैंने सिखाया है... अच्छा... सिर्फ तीन?... जी. जी, समझती हूँ. हॉटेलवाले कैसे रुकेंगे. नहीं नहीं, आप क्यों माफी माँगती हो."

फोन ठेवून ती म्हणाली, "बावीस पडली. तीन उभी आहेत म्हणाली."

"तिच्या शेडमध्ये उकडत असेल," मी म्हणालो.

"मग तीन कशी उभी राहिली?"

मी पेपर उलटला.

"पुन्हा एकदा पाठवू या का?" बायकोनं विचारलं.

"नको गं. मान टाकलेली फुलं एकदा दाखवून झाली. आता कुठल्या तोंडानं?" आणि ती आईला भरवायला गेली.

पण ताई अशी सोडून देणारी नव्हती. चार-पाच दिवसांनी भाजी निवडताना तिनं विचारलं, "ती तीन कुठल्या वाफ्यातली होती रे? आठवतंय का?"

मला "आठवत नाही" म्हणता आलं असतं. पण ती ज्या नजरेनं बघत होती, तिला काहीतरी द्यावंसं वाटलं. मी म्हणालो, "भिंतीकडची."

"अच्छा," ती म्हणाली. "भिंतीकडची."

पुढच्या जूनमध्ये तिनं सगळे वाफे भिंतीला लागून केले. मधली काळी केलेली माती घमेल्यानं वाहून तिकडे नेली. साठीच्या घरातली बाई, रोज आईचं सगळं करून, दुपारी माती वाहायची. भिंतीकडे वारा खेळत नाही आणि ऊन अर्धंच. सप्टेंबरमध्ये पानांवर पांढरी भुरी पसरली, पीठ शिंपडल्यासारखी. फुलं आली ती लहान, देठ वाकडे. ताई ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायची. तिसऱ्या वर्षी मी म्हणालो, "पूर्वीसारखं मधे लाव ना."

"नाही. तीन उभी राहिली होती ना? म्हणजे त्या जागेत काहीतरी आहे. मला सापडत नाही एवढंच."

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. आत आईनं हाक मारली आणि ताई "आले" म्हणत गेली. त्या फोननंतर आई चार वर्षं होती. मग बायकोला संधिवात, बोटं वाकडी झाली, तिची वेणीसुद्धा ताईच घालायची. ते पितळी कुलूप ताईनं बागेच्या मागच्या फाटकाला लावलं. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला असते. ते फाटक आम्ही उघडत नाही.

सहा वर्षांपूर्वी ताईला काचबिंदूचं निदान झालं. उशीर झाला होता. आता तिला उजेड कळतो, माणूस कळत नाही. तिचं सगळं मी करतो. ती हाक मारते आणि मी "आलो" म्हणतो. मुलगी बंगळूरला असते, "बाबा, दोघंही इकडे या," म्हणते. ताई बाग सोडून येणार नाही आणि मी ताईला सोडून जाणार नाही. रोज सकाळी मी तिला पेपर वाचून दाखवतो. या घरात वाचू शकणारा मी एकटाच आहे. म्हणजे हे मी लिहिलं, तरी तिच्यापर्यंत पोचायचं तर मलाच ते मोठ्यानं वाचावं लागणार.

झिनियाही आता मीच लावतो. तिची दृष्टी गेल्यापासून मी वाफे पुन्हा बागेच्या मधे घेतले. "भिंतीकडेच ना?" ती विचारायची आणि मी "हो" म्हणायचो. फुलं पहिल्यासारखी यायला लागली. मी ती कापून तिच्या खाटेशेजारी ठेवायचो. ती बोटांनी चाचपून म्हणायची, "बघ, मी म्हणत होते. त्या भिंतीत काहीतरी आहे." गुडघ्यांमुळे ती बागेत यायची नाही, म्हणून निभावलं.

गेल्या महिन्यात तिनं हट्ट धरला. "मला ने बागेत." मी तिचा हात धरून पायरी उतरवली. चौथ्या पावलाला तिच्या हाताला फूल लागलं. ती थांबली.

"भिंत अजून लांब आहे," ती म्हणाली.

मी तिला तिथेच नीट उभं केलं.

"बरं केलंस. तिकडे कधी जमलंच नाही मला." तिनं चाचपडत फुलाखाली वीतभर अंतरावर देठ धरला, हलवला. "ही नको." दुसरा धरला. "ही चालेल. कात्री दे." तिनं पाच-सहा कापली, एकही चुकली नाही. मग मला म्हणाली, "तू हलव. मला सांग."

मी एक देठ हलवला. मान डुलली. "कच्ची," मी म्हणालो.

"बिल्कुल. आता येतंय तुला." ती हसली. मग हात पुसत म्हणाली, "त्या वेळी तुझ्या हाताला कळलं नसेल रे. मी उगाच वीस वर्षं पाणी, माती, भिंत करत बसले. तसं मनात यायचं कधी कधी, पण तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. चूक माझीच. तुझ्या हाती कात्री द्यायला नको होती. मनाला लावून घेऊ नकोस."

मी तिला पायरीवर बसवलं आणि फुलं पाण्यात ठेवायला आत गेलो. तिनं मला माफ केलं होतं, पण मी न केलेल्या चुकीबद्दल. मोरीत उभा राहून मी बराच वेळ खालची पानं काढत राहिलो.

त्या दिवसापासून मी हे लिहायला घेतलं. काल इथपर्यंत लिहून झालं. आज सकाळी ही पानं पेपरात घालून तिच्याजवळ बसलो. ती पाठ टेकून, चेहरा आवाजाच्या दिशेनं करून वाट बघत होती.

"वाच ना. आज गप्प का?"

मी पेपर उघडला. पानं समोर होती, माझंच अक्षर. मी वाचलं, "मयूर विहार भागात उद्या पाणी कमी दाबानं येणार."

"म्हणजे आजच भरून ठेवायला हवं," ती म्हणाली. "झाडांना सकाळीच घाल, मुळाशी. पानांवर नको."

"हो."

"अजून?"

अजून एवढंच होतं: ताई, माझ्या हाताला कळत होतं. मी बावीसही हलवून बघितली होती, आणि तू जाऊ नयेस म्हणून कापली. ती तीन भिंतीकडची नव्हती. मला माफ कर.